पायलट मोजायचा की आजचं उड्डाण?

डोंगरकड्यावर हँग ग्लायडर जोडायला घेतला की बघ्यांचं कोंडाळं जमतंच. ॲल्युमिनियमच्या नळ्या उलगडतात, तारा ताणल्या जातात, कापडाच्या खणांत पातळ पट्ट्या एकेक करून सरकतात आणि बघताबघता खोलीएवढा रुंद पंख उभा राहतो. मग कोणीतरी विचारतंच, "याला लायसन्स लागतं का हो?"

प्रश्न सरळ आहे, पण उत्तर देशागणिक बदलतं. जर्मनीत लागतं. तिथे सरकारने हे काम 'डीएचव्ही' या पायलटांच्याच संघटनेकडे सोपवलं आहे. शेजारच्या फ्रान्समध्ये प्रशिक्षणाचे दाखले मिळतात, मात्र ते घेण्याची कायद्याने सक्ती नाही. अमेरिकेची गोष्ट सर्वांत वेगळी. तिथे सरकार पायलटला काहीच विचारत नाही, पण डोंगरावर पोचलं की पायलटच पायलटला विचारतात, "तुमचं रेटिंग काय?"

हे रेटिंग गेली जवळजवळ पन्नास वर्षं या खेळाचा कणा बनून राहिलं आहे. ते पुरेसं आहे का, आणि नसेल तर त्याच्या जोडीला किंवा जागी काय आणता येईल, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

त्याआधी एक खुलासा. पुण्याजवळ कामशेतला डोंगरावरून रंगीत छत्र्या उडताना अनेकांनी पाहिल्या असतील. ते पॅराग्लायडिंग, त्यातला पंख नुसत्या कापडाचा असतो आणि पाठीवरच्या पिशवीत मावतो. हँग ग्लायडरला नळ्यांचा सांगाडा असतो, वजन साधारण 25 ते 35 किलो. पायलट त्याखाली पालथा लोंबकळतो, समोरचा त्रिकोणी दांडा धरतो आणि स्वतःचं अंग इकडेतिकडे सरकवून दिशा व वेग बदलतो. इंजिन नाही, सुकाणू नाही.

1. परवाना नाही, तरी मोकाट नाही

23 मे 1971 रोजी कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचजवळच्या एका टेकडीवर हौशी मंडळी जमली. निमित्त होतं ओटो लिलिएंथाल या जर्मन उड्डाणवीराच्या जयंतीचं. बांबू, प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी यांपासून बनवलेले पंखही त्या दिवशी टेकडीवरून धावले. त्याच वर्षी अमेरिकन संघटनेची मुळं रुजली. आज ती 'यूएसएचपीए' या नावाने ओळखली जाते.

खेळ झपाट्याने पसरला आणि माणसं मरू लागली. सरकारने नियम लादण्याआधी आपणच आपल्याला शिस्त लावावी, असं पायलटांनी ठरवलं. त्यातून पाच पायऱ्यांचं रेटिंग आलं: बिगिनर, नोव्हिस, इंटरमीजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड आणि मास्टर. प्रशिक्षक कौशल्य पाहतो, उड्डाणांची वही तपासतो, लेखी परीक्षा घेतो आणि सही करतो.

1982 साली अमेरिकन विमान प्रशासनाने 'भाग 103' नावाचे नियम काढले. ते अगदी आटोपशीर आहेत. बिनइंजिनाचा पंख 155 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 70 किलोंपेक्षा, हलका हवा. त्यावर एकच माणूस हवा, उड्डाण हौसेसाठीच हवं, दाट वस्तीवरून जायचं नाही. पायलटला परवाना नको, वयाची अट नको, पंखाची सरकारी नोंदणीही नको. आपले नियम आपणच करायचे आणि आपणच पाळायचे याला स्वयंनियमन म्हणतात. त्यासाठी याहून मोकळं मैदान मिळणं अवघड.

रेटिंग टिकून राहण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते फार व्यवहारी आहे. डोंगर कुणाच्या तरी मालकीचा असतो. तिथला शेतकरी किंवा उद्यानाचा अधिकारी उड्डाणातला जाणकार नसतो, त्याला "याला येतं का?" एवढंच कळायला हवं असतं. विमा कंपनीलाही तेच हवं असतं. पाकिटातलं रेटिंगचं कार्ड या दोघांना एका शब्दात उत्तर देतं.

2. एका शब्दात किती मावतं?

विहिरीत पोहायला शिकलेला मुलगा गावात पट्टीचा पोहणारा म्हणून मिरवतो. तोच कोकणात भर पावसाळ्यात समुद्रात उतरला तर? त्याचं पोहणं खोटं नसतं. पण विहिरीला लाटा नसतात, ओढ नसते. रेटिंगची पहिली अडचण हीच: ते माणसाविषयी बोलतं, पाण्याविषयी नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. लिलिएंथाल यांचंच उदाहरण घेऊ. 1891 पासून पाच वर्षांत त्यांनी सुमारे 2000 उड्डाणं केली. 9 ऑगस्ट 1896 रोजी त्यांचा पंख हवेत थबकून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्या काळात जगात त्यांच्याइतका अनुभवी माणूस नव्हता. पुढे 1901 साली शिकागोतल्या व्याख्यानात विल्बर राइट यांनी हिशेब मांडला, की पाच वर्षांत लिलिएंथाल प्रत्यक्ष हवेत असे राहिले जेमतेम पाच तास. पाच तास म्हणजे 18,000 सेकंद. 2000 ने भागा: एका उड्डाणाला 9 सेकंद.

अमेरिकेच्या अ‍ॅडव्हान्स्ड रेटिंगसाठी किमान 250 उड्डाणं आणि 75 तास नोंदलेले असावे लागतात. उड्डाणांच्या अटीत लिलिएंथाल आठ वेळा उत्तीर्ण होतात आणि तासांच्या अटीत सपशेल नापास. मग त्यांना अनुभवी म्हणायचं की नवखं? धावत सुटणं आणि जमिनीवर उतरणं यात ते निष्णात होते. अचानक उठणाऱ्या ऊन हवेच्या झोताशी झुंजायला मात्र त्यांना फारसा वेळच मिळाला नव्हता. एका शब्दात हे दोन्ही मावत नाही.

तिसरी अडचण काळाची. रेटिंग हा जुना फोटो आहे. सहा वर्षांपूर्वी दर आठवड्याला उडणाऱ्या आणि गेल्या दोन वर्षांत पंखाची पिशवीही न उघडलेल्या पायलटच्या कार्डावर तोच शब्द असतो. पाय जड झालेले असतात, हात विसरलेले असतात, पण कार्ड तसंच करकरीत असतं.

चौथी अडचण मनाची. इंटरमीजिएट टप्प्यावरच्या पायलटांची काळजी या खेळात विशेष केली जाते. शिकाऊपणाची भीती गेलेली असते, पण खरी पारख अजून आलेली नसते. अशा वेळी कार्डावरचा शब्द "तुला जमेल" असं कानात कुजबुजतो.

3. माणसाऐवजी डोंगर मोजला तर?

गिर्यारोहकांना कुणी 'तृतीय श्रेणीचा गिर्यारोहक' असं कार्ड देत नाही. श्रेणी असते ती वाटेला. सह्याद्रीतला ट्रेक सोपा, मध्यम की अवघड हे आधी सांगितलं जातं, जाणारा आपल्या गुडघ्यांचा अंदाज घेऊन ठरवतो. अमेरिकेतल्या स्कीच्या उतारांवरही हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा अशा खुणा असतात. खूण उताराची, घसरणाऱ्याची नव्हे.

हँग ग्लायडिंगमध्ये या मार्गाचं चांगलं रूप ब्रिटनमध्ये दिसतं. तिथले क्लब आपापल्या टेकड्यांची माहितीपुस्तिका ठेवतात. कुठल्या दिशेचा वारा हवा, उतरायचं शेत कोणतं, तारा कुठून जातात, मेंढ्यांच्या वेताच्या दिवसांत कोणती टेकडी बंद, हे सगळं त्यात असतं. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल. पण गाभण मेंढ्या बिथरल्या आणि शेतकऱ्याने फाटक लावून घेतलं, तर सगळ्यांचंच उडणं संपलं.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तर घड्याळालाही नियमात धरलं आहे. ग्लेशियर पॉइंटच्या कड्यावरून खाली दरीचा तळ जवळजवळ एक किलोमीटर. उद्यानाच्या परवानगीने तिथून हँग ग्लायडर उडतात, पण फक्त सकाळी. ऊन चढलं की तापलेल्या खडकांवरून हवा उसळू लागते आणि त्याच दरीचा स्वभाव पालटतो. अ‍ॅडव्हान्स्ड रेटिंगची अट तिथेही आहेच, पण ती एकटी नाही.

वाऱ्याची मर्यादा ठरवणं का महत्त्वाचं, हे छोट्या हिशेबाने कळेल. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, नवख्या पायलटने ताशी 20 किलोमीटर वाऱ्यात सराव केला आणि आज वारा 30 आहे. आकडा दीडपट झाला. जोर किती? दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट. कड्यावर पंख धरून उभं राहणाऱ्याला हा फरक हातांना आधी कळतो आणि डोक्याला नंतर. म्हणून 'नवख्यांसाठी कमाल वारा इतका' ही एक ओळ कित्येकदा कार्डापेक्षा मोलाची ठरते.

4. यंत्राची परीक्षा

या खेळातले मृत्यू कमी करण्याचं एक मोठं काम माणसाची परीक्षा न घेताच झालं आहे, आणि त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते.

सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या पंखांत एक जीवघेणा दोष होता. नाक फार खाली गेलं की कापडातली हवा निघून जाई, ते ध्वजासारखं फडफडू लागे आणि पंख सुरातून बाहेर येतच नसे. कितीही कसलेला पायलट असला तरी त्याच्या हातात काही उरत नसे.

अमेरिकन उत्पादकांनी एकत्र येऊन चाचण्यांचे निकष ठरवले. पंख वाहनावर बसवून वेगाने पळवायचा, वरून-खालून किती भार सोसतो ते पाहायचं आणि नाक खाली झुकल्यावर पंख स्वतःहून ते वर आणू पाहतो का, हे मोजायचं. कापडाची मागची कड वर उचलून धरणाऱ्या तारा आणि टोकांपाशी आधार देणाऱ्या काठ्या आल्या. सुरात अडकून मरण्याचा तो जुना प्रकार त्यामुळे पुष्कळ आटोक्यात आला. जगातल्या प्रत्येक पायलटला मास्टर करूनही हे साधलं नसतं.

आता पंखासोबतच तो कोणत्या पातळीच्या पायलटसाठी आहे, याची उत्पादकाची शिफारस येते. शिकाऊंचा पंख हळू उडतो आणि चुका पोटात घालतो. स्पर्धेचा पंख वेगवान असतो, पण उतरताना हिशेब चुकता करून घेतो.

5. एका वेळी एकच नवी गोष्ट

आता अशा पर्यायाकडे येऊ, ज्याला ना कार्ड लागतं ना परीक्षक. जुने प्रशिक्षक सांगतात, की एका दिवशी एकच गोष्ट बदलावी.

उदाहरण पाहू. एका पायलटचं रेटिंग इंटरमीजिएट आहे. कागदोपत्री आजचा डोंगर त्याला खुला आहे. आता मोजू:

पंख नवा, कालच घेतलेला: एक.
डोंगर नवा, पहिल्यांदाच आलेला: दोन.
वारा नेहमीपेक्षा जोराचा: तीन.
मागचं उड्डाण चार महिन्यांपूर्वीचं: चार.

कार्ड "हो" म्हणतं, बेरीज "नको" म्हणते. काय करावं? जुना पंख आणावा, मंद वाऱ्याची सकाळ निवडावी, आधी ओळखीच्या बुटक्या टेकडीवरून दोन उड्डाणं करावीत. मग नव्या डोंगरावर आलं की बेरीज एकवर येते. हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल. अवघड आहे ते एवढंच: तीन तास गाडी हाकून आल्यावर तो प्रामाणिकपणे करणं.

यातल्या चौथ्या ओळीला, म्हणजे ताज्या सरावाला, विमानांच्या जगात नियमाचं बळ आहे. अमेरिकेत खाजगी विमानाच्या पायलटला प्रवासी बसवायचे असतील, तर मागच्या 90 दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झालेल्या असाव्या लागतात. परवाना जन्मभराचा, पण त्याची धार तीन महिन्यांची. हँग ग्लायडिंगच्या क्लबांनी ही कल्पना आपलीशी करायला हरकत नाही. शेवटच्या उड्डाणाची तारीख ही रेटिंगइतकीच विचारण्याजोगी गोष्ट आहे.

6. कडी अडकवली का?

2018 साली स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ एका अमेरिकन पर्यटकाने आयुष्यातलं पहिलं हँग ग्लायडिंग केलं, व्यावसायिक पायलटसोबत. पंख कड्यावरून सुटला आणि लक्षात आलं, की पर्यटकाचा हार्नेस (अंगाभोवतीच्या पट्ट्यांचा साज) पंखाला जोडलेलाच नाही. दोन मिनिटांहून अधिक काळ तो माणूस एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने पायलटला धरून दरीवर लोंबकळत राहिला. मनगट मोडलं, दंडाचा स्नायू फाटला, पण तो वाचला. त्या उड्डाणाचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला.

पायलट नवखा नव्हता. ही चूक नवख्यांचीच नाही, हेच तिचं भयंकरपण आहे.

हार्नेस आणि पंख यांना जोडते ती तळहातात मावणारी कॅराबिनरची कडी. उड्डाणाआधी पायलट पंखाखाली लोंबकळून पाहतो, जोडीदार पुढच्या तारा धरतो. सगळं ठीक असतं. मग वारा पडतो. पायलट कडी काढतो, गाडीतून हातमोजे घेऊन येतो, कुणाशी दोन शब्द बोलतो. वारा परत येतो, सगळे "आता, आता" म्हणतात. मघाशी लोंबकळून पाहिल्याचं त्याला पक्कं आठवत असतं. कडी काढल्याचं आठवत नसतं.

यावरचा उपाय माणूस मोजत नाही, कृती मोजतो. धावण्याच्या अगदी आधी पंख खांद्यांवरून वर उचलायचा. कडी लागलेली असेल तर वरचा पट्टा ताणला जातो आणि मांड्यांभोवतीचे पट्टे खालून करकचून ओढ देतात. ओढ जाणवली तर धावायचं. नाही जाणवली तर पंख खाली ठेवायचा. दोन सेकंदांचं काम. अमेरिकन संघटनेने आपल्या रेटिंगच्या अटींतच हे घातलं आहे: प्रत्येक उड्डाणात, निघण्याच्या क्षणाआधी आपण जोडलेलो आहोत याची खात्री करून दाखवायची. ऑस्ट्रेलियन पद्धत आणखी सोपी. हार्नेस आधी पंखाला अडकवायचा आणि मगच पायलटने त्यात शिरायचं. हार्नेस अंगावर आहे म्हणजे कडी लागलेलीच आहे. तरी मांड्यांचे पट्टे राहून जाऊ शकतात, म्हणून उचलून पाहणं तिथेही सुटत नाही.

शंभर तासांच्या अनुभवाने जे हमखास साधत नाही ते या दोन सेकंदांत साधतं, आणि मास्टरला त्यातून सूट नाही.

7. लाल फीत आणि शेजारचा डोळा

ब्रिटनमध्ये नुकतेच शिकून बाहेर पडलेले पायलट लाल फीत लावून उडतात. आपल्याकडच्या गाडीवरच्या लाल 'एल'चंच हे भावंड. हवेतले बाकीचे तिला पाहून थोडं अंतर राखतात, वाट देतात. इथे रेटिंगचा उलटा उपयोग आहे: मला काय येतं हे सांगायला नव्हे, तर मला अजून सांभाळून घ्या हे सांगायला.

त्याच देशात क्लबांचे कोच असतात. हे शाळेतले प्रशिक्षक नव्हेत; टेकडीवर आपलं उडणं सांभाळून नव्यांकडे लक्ष ठेवणारे जुने सभासद. "आज अकरानंतर वारा वाढेल, आत्ताच उडून घे" किंवा "पंख घडी कर, चहा घेऊ" हे सांगणारा माणूस शेजारी असणं, याची बरोबरी कुठलंही कार्ड करू शकत नाही.

यात खोट नाही असं नाही. जुना माणूसही चुकतो. काही ठिकाणी ओळखीच्यांना मोकळीक आणि परक्याला अडवणूक होते. पाहुण्या पायलटला इथे कुणी ओळखत नसेल तर कार्डच कामी येतं. त्यासाठीच जागतिक हवाई क्रीडा महासंघाने वेगवेगळ्या देशांची रेटिंगं एकमेकांना कळावीत म्हणून पाच टप्प्यांचं आंतरराष्ट्रीय कार्ड काढलं आहे. शिवाय वडीलधाऱ्याला टोकणं सगळ्यांनाच जड जातं. म्हणून काही गोष्टी टोकण्याचा हक्क रेटिंगवर ठेवू नये. "तुमची कडी?" एवढं विचारायला नोव्हिसलाही मुभा हवी आणि मास्टरने त्याचा राग मानू नये, हे क्लबाने आधीच ठरवून टाकावं.

8. चुकांची वही

सत्तरच्या दशकात आर. व्ही. विल्स अमेरिकन संघटनेसाठी प्राणघातक अपघातांची माहिती गोळा करत. कोण, कुठे, कोणत्या पंखावर, काय बिघडलं. त्यांचे मुलगे बॉब आणि ख्रिस हे विल्स विंग या नामांकित पंख-कंपनीचे संस्थापक. 1977 साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणात बॉब यांचाच हँग ग्लायडर अपघातात मृत्यू झाला. इतक्या जवळचं दुःख असलेल्या माणसाने जमवलेल्या त्या नोंदींमुळे एक गोष्ट सर्वांसमोर आली: वेगवेगळ्या डोंगरांवरची माणसं त्याच त्या मोजक्या कारणांनी मरत होती. कारण दिसलं की त्यावर इलाज शोधता येतो.

मृत्यूची बातमी लपत नाही. लपते ती थोडक्यात वाचल्याची गोष्ट. कडी न लावता धावायला निघालेला आणि शेवटच्या पावलाला थांबलेला पायलट घरी गेल्यावर ते कुणाला सांगतो? रेटिंग जाईल, हसं होईल, ही भीती असते. विमानांच्या जगाने यावर 1976 पासून एक तोड चालवली आहे. अमेरिकेत पायलट आपली चूक विमान प्रशासनाला न कळवता 'नासा'ला कळवतो. नाव-गाव पुसून टाकलं जातं आणि फक्त गोष्ट उरते. दहा दिवसांत कळवलं आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल, तर दंडातूनही सहसा सुटका होते.

हँग ग्लायडिंगला या वहीची गरज अलीकडे आणखी वाढली आहे. जुन्या विमा कंपनीने पाठ फिरवल्यावर 2016 साली अमेरिकन संघटनेने पायलटांच्या आणि क्लबांच्या पैशातून स्वतःचीच विमा कंपनी उभी केली. आता पंख कुणाच्या मोटारीवर उतरला तर भरपाई याच मंडळींच्या गंगाजळीतून जाते. थोडक्यात वाचलेल्या एका पायलटची अर्ध्या पानाची नोंद, कड्यावरच्या चहाच्या थर्मासभोवती वाचली गेली, तर पुढच्या शनिवारी पंख उचलून पट्ट्यांची ओढ तपासणारे हात त्या डोंगरावर दोन-चारांनी तरी वाढलेले असतात.